थर्माकोलला पर्याय शिवारातच

‘थर्माकोलविना शालेय प्रकल्प कसे होणार?’ हे पत्र वाचले. थर्माकोल स्वस्त आणि हलका, हे मान्य. पण त्याचे सुमारे ९८ टक्के आकारमान निव्वळ हवेचे. म्हणूनच भंगारवाला त्याला हात लावत नाही आणि प्रदर्शन संपताच तो गटारात तरी जातो किंवा जाळला तरी जातो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

ज्वारीच्या ताटातला भेंड ब्लेडने सहज कापला जातो, त्याच्याच सालीच्या काड्यांनी जोडता येतो. खेड्यातली मुले त्याच्या बैलगाड्या करतच आली आहेत. शहरात खोक्यांचा पुठ्ठा, कागदाचा लगदा आहे. स्नेहभोजनाला थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी आहेत. फक्त शिक्षकांनी चकचकीतपणाला गुण देणे थांबवावे.

– एक शिक्षिका, सोलापूर