पाणी कशाला सोडले, कशावर सोडले?



दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला आले आहेत. घरी तो गोरमाटी बोलतो. मागच्या महिन्यात गुरुजींनी फळ्यावर लिहिले, 'पाणी सोडणे : वाक्यात उपयोग करा.' त्याने लिहिले, 'रात्री लाईट आल्यावर मालक उसाला पाणी सोडतो.' गुरुजींनी ते वाचून दाखवले आणि सारा वर्ग खो-खो हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या कोपीवर गेलो. तो म्हणाला, "मी खोटं काय लिवलं?"

मला उत्तर देता आले नाही. वाक्य खरे होते आणि मराठीही बरोबर होते. माझ्या वहीत 'पाणी सोडणे म्हणजे हक्क सोडून देणे' असे होते. पण ते मी नुसते पाठ केले होते. घरी आजीला विचारले. ती म्हणाली, "आरं, दान देताना हातावर पाणी सोडत्यात. एकदा पाणी सोडलं की ती वस्तू आपली न्हाई." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

म्हणून माझे मत असे आहे, की वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करायला लावण्याआधी सरळ अर्थ विचारावा. त्याला वाच्यार्थ म्हणतात. तो वाक्यात बसत नसेल, तर आतला अर्थ, म्हणजे लक्ष्यार्थ शोधावा. आजूबाजूचे शब्दही नीट पाहावेत. उसाला पाणी सोडले तर ऊस वाढतो. उसावर पाणी सोडले तर ऊस हातचा गेला! 'ला'च्या जागी 'वर' आले की केवढा फरक पडतो पाहा.

त्या अर्थामागची गोष्टही सांगावी. पानिपत हे हरियाणातले शहर. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे मराठ्यांचा मोठा पराभव झाला. म्हणून आपण कबड्डीत सपाटून हरलो तरी 'पानिपत झाले' म्हणतो. गोष्ट कळली की घोकंपट्टी लागत नाही.

कुणी म्हणेल, यात वेळ जातो, परीक्षेत तर अर्थच विचारतात. पण पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते, समजलेले राहते. आणि सरळ अर्थ घेणारा मूर्ख नसतो. आधी सगळेच सरळ अर्थ घेतात. ज्याच्या घरी दुसरी बोली आहे, त्याला आतला अर्थ कुणीतरी सांगावा लागतो.

पालकांनो, घरी धाकट्याने "म्हंजे काय?" विचारले तर त्याला हसू नका, सांगा.

तो मुलगा आता रोज येतो आणि माझ्या शेजारी बसतो. मी त्याला आमचे वाक्प्रचार सांगतो, तो मला त्याच्या बोलीतले सांगतो. दुसऱ्याच्या चुकीला हसण्याच्या सवयीवर मी पाणी सोडले आहे. तुम्हीही सोडा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी