बेटावरचे आठ दिवस आणि काळीतले दोन एकर

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे बोलायला लागलेल्या पोरालाही पाठ असते. तिच्याआधीची, निजामी अमदानीतली दुसरी एक आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिलीत फुशारकी आहे, दुसरीत शहाणपण. बाहेर जाऊन नशीब काढले तर काढले, नाहीतर परत यायला आपले गाव आहेच, असा तिचा भाव. हल्ली मात्र आमच्या जिल्ह्याने जर्मनी सोडून ग्रीसशी सोयरीक जुळविली आहे. लग्नाच्या बैठकीत याद्या होतात, तेव्हा सोने, पोशाख, मानपान, मंगल कार्यालय आणि जेवणावळ यांच्या खाली एक नवी ओळ येऊ लागली आहे: हनिमून. त्यापुढे पूर्वी महाबळेश्वर असे, मग मनाली आली, मग बाली, मालदीव. आणि आता ज्यांची ऐपत आहे, व ज्यांची नाही पण दाखवायची आहे, अशांच्या यादीत सँटोरिनी हे नाव वाचायला मिळते. (मधुचंद्र हा शब्द फक्त छापण्यापुरता उरला आहे. तोंडाने कोणी तो उच्चारीत नाही, आणि उच्चारलाच तर बायका पदर तोंडाला लावतात.)

या ओळीविरुद्ध मला लिहायचे आहे. पण त्याआधी एका पंगतीतून उठून बाजूला होणे मला भाग आहे. ती पंगत संस्कृतिरक्षकांची. हनिमून म्हणजे पाश्चात्यांचे फॅड, आपल्याकडे नवराबायको आधी कुलदैवताला जात, त्यात जे पावित्र्य होते ते या बेटांवर कुठले, असे म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्येक मांडवात सापडतात. त्यांना मी विचारतो: महाराज, त्या देवदर्शनाला आपणही गेला होतात ना? एका क्रूझर गाडीत चौदा माणसे. पुढे मामा, मागे आत्या, मधे करवल्या, आणि नवरा एका कोपऱ्यात तर नवरी दुसऱ्या. तुळजापूर झाले, माहूर झाले, वाटेत औंढ्याला नागनाथ झाला. जेजुरीला गेलेच तर नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. तोही सगळ्या वऱ्हाडासमोर, टाळ्यांच्या गजरात. दोन अनोळखी जिवांना एकमेकांशी चार वाक्ये बोलायला या सबंध यात्रेत किती वेळ मिळत होता?

आणि घरी परतल्यावर तरी काय होते? मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे. पुढे ढेळज, आत चौक, चौकाभोवती सोपे. धान्याला बळद होते, जनावरांना गोठा होता, देवाला देवघर होते; नव्या जोडप्याला मात्र दाराला आतून कडी असलेली खोली असेलच असे नाही. उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर ओळीने झोपायचे. नवरीसोबत माहेरची पाठराखीण आलेली असे, ती तिच्या शेजारी. शहरात तर याहून वाईट. १९७० साली 'मुंबईचा जावई' नावाचा चित्रपट आला. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढाच त्याचा विषय. पण तो इतका सगळ्यांच्या घरातला होता की दोन वर्षांत त्यावरून 'पिया का घर' हा हिंदी चित्रपट निघाला. लोक हसले खरे. ज्यांनी ते घरी भोगले होते, ते सर्वांत मोठ्याने हसले असतील.

तेव्हा नव्या जोडप्याने आठ दिवस माणसांपासून दूर जावे, ही कल्पना मला पूर्णपणे मान्य आहे. इंग्रजांकडून आली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. इंग्रजांकडून आगगाडीही आली, आणि परभणी जंक्शनवर पहाटे वाट पाहणाऱ्या कोणा सोवळ्या माणसाने ती परकी म्हणून सोडून दिल्याचे मी पाहिलेले नाही.

माझे भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. या आठ दिवसांचे पैसे कोण देतो?

ग्रीसला जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या अर्जात एक रकाना असतो: प्रवासाचा व राहण्याचा खर्च कोण करणार, स्वतः की दुसरा कोणी? परक्या देशाचा वकिलातीतला कारकून जो प्रश्न छापून विचारतो, तो आमच्या बैठकीत बसलेल्या पन्नास सोयऱ्यांपैकी एकही विचारीत नाही. कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. मुलीचा बाप. व्हिसाची फी २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दोघांचे अठरा हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. म्हणजे तीन क्विंटलांहून जास्त सोयाबीन नुसते अर्जावर चिकटवायचे. आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत नाही. विमान, हॉटेल, बोट, जेवण हे पुढेच. शिवाय हमीभाव हा कागदावरचा. मोंढ्यात तो मिळतोच असे नाही, हे ज्याने पोते काट्यावर टाकले आहे त्याला सांगायला नको. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात ज्यांचे सोयाबीन शेतातच कुजले, त्यांच्याही घरी मुली आहेत.

"आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनीच हौसेनं दिलं," हे वाक्य आता इतके झिजले आहे की त्याच्यावरचा छापही दिसत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्यात मुळात 'विवाहाचा मोबदला म्हणून' दिलेले, अशी हुंड्याची व्याख्या होती. मोबदला हा शब्द पळवाट ठरला, म्हणून १९८४ साली तो काढून 'विवाहाच्या संबंधाने' असे शब्द घालण्यात आले. मागणी नसताना दिलेल्या भेटींना कायद्याने मोकळीक ठेवली, पण त्यांची रीतसर यादी करावी असेही सांगितले. आमच्या बैठकीत यादी होते, ती नेमकी उलट: आधी यादी, मग भेट. विमानाचे तिकीट हे कायद्याच्या भाषेत 'मालमत्ता' होते की नाही, यावर वकिलांनी खुशाल काथ्याकूट करावा. बापाने सावकाराकडे जाऊन जे आणले, ते त्याला पुरते कळते.

आता त्या बेटाकडे वळू. कारण ज्या बेटाचे फोटो पाहून आमची पोरे वेडी झाली आहेत, ते नीट पाहिले तर आमच्याच तोंडात मारणारे निघते.

सँटोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचे फुटके तोंड. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्याचा मोठा स्फोट झाला, मधला भाग समुद्रात खचला आणि भोवती कड्यांचे कडे राहिले. त्या कड्यांवर पांढरी घरे आहेत, ज्यांच्या ओसरीत बसून सूर्यास्त पाहायला लोक रांगा लावतात. यातली बरीच घरे मुळात गरिबांची. मऊ राखेच्या थरात खोदून काढलेली गुहाघरे. पुढे एक दार, दोन खिडक्या, आत अरुंद लांबट खोली. बेटावर पाण्याची बोंब, म्हणून पावसाचे पाणी टाक्यांत साठवीत. द्राक्षाच्या वेली मांडवावर न चढविता जमिनीलगत टोपलीसारख्या वळवितात, की वाऱ्याने घड झोडपू नयेत आणि रात्रीचा ओलावा धरला जावा. आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही कळा ताबडतोब समजेल. ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप झाला, पन्नासहून जास्त माणसे मेली, घरे कोसळली, पुष्कळ लोक बेट सोडून गेले. पुढे त्याच पडक्या गुहाघरांना चुना लावून हॉटेले झाली आणि जिथे पिण्याला पाणी नव्हते तिथे दारोदार पोहण्याचे हौद आले. २०२५ च्या आरंभी पुन्हा आठवडेच्या आठवडे धक्के बसले, तेव्हा अकरा हजारांच्या आसपास माणसे बेट सोडून निघाली. जुन्या बंदरापासून वरच्या गावापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत; त्या चढायला पर्यटक गाढवावर बसतात. गाढवांचे इतके हाल झाले की २०१८ साली त्यांच्यावरच्या ओझ्याला मर्यादा घालावी लागली. मुलीच्या बापावरच्या ओझ्याला तशी मर्यादा कोणी घालील तर बरे, पण गाढवाची बाजू घेणाऱ्या संस्था तरी आहेत.

हे सगळे एका बाजूला. मला जी गोष्ट सांगायची आहे ती त्या घरांच्या मालकीची. एजियन समुद्रातल्या अनेक बेटांवर जुनी रीत अशी की घर मुलीचे. लग्नात बाप तिला घर देई, आणि नवरा तिच्या घरी राहायला येई. कारपाथोस बेटावर तर आईची मिळकत थोरल्या मुलीकडे जाई. हाही हुंडाच होता, त्याला कोणी सोवळे म्हणू नये. मुलींच्या घरासाठी बाप आणि भाऊ दर्यावर्दी होऊन वर्षानुवर्षे खपत. पण जे दिले जाई ते भिंतींचे, छपराचे, आणि तिच्या हक्काचे. ग्रीसने १९८३ साली कौटुंबिक कायदा बदलला आणि हुंड्याची संस्थाच कायद्यातून काढून टाकली.

म्हणजे आमचा जावई आपल्या सासऱ्याच्या पैशाने कुठे जाऊन राहतो? जिथे सासरा मुलीला घर देत असे, तिथे. आणि आमचा सासरा मुलीला काय देतो? त्या घरातल्या आठ रात्री.

इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. परभणीच्या काळ्या जमिनीत मुलीचा वाटा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला, तेव्हा लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मतःच सहदायाद झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटविली: २००५ साली बाप हयात होता की नव्हता, याने तिच्या हक्काला बाध येत नाही. कायदा इतका स्वच्छ आहे. आणि तलाठ्याकडच्या फेरफारात काय दिसते? हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर तेरावा झाला न झाला तोच भाऊ कागद पुढे करतो. बहिणी सही करतात. नाही केली तर माहेर तुटते, भाऊबीजेला यायला तोंड राहत नाही, असे सगळे गाव तिला समजावते. ह्याच दिवाळीत किती ताटांत भावांनी पाचशेची नोट टाकली असेल, आणि त्याच ताटामागे बसलेल्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून केव्हा उतरले, हे त्या दोघांनाही ठाऊक असेल!

सही करताना तिला ऐकवले जाते, "तुझ्या लग्नात काय कमी केलं होतं? परदेशात नाही का पाठवलं?" तिलाही ते खरे वाटते. आठ दिवसांचे बेट दोन एकरांच्या काळीचा मोबदला ठरते. आणि ते बेट तिला मिळालेले नसतेच, ते यादीत जावयाच्या नावावर लिहिलेले असते.

यावर कोणी म्हणेल, पोरींनाच हौस आहे, त्याला तुम्ही काय करणार? आहे ना. का नसावी? २००३ साली 'चलते चलते'ने ग्रीसचा निळा-पांढरा रंग घराघरात आणला, आणि आता तर प्रत्येकीच्या हातातल्या मोबाईलमध्ये तो दिवसातून दहादा उगवतो. गंगाखेड, सेलू, जिंतूरच्या किती मुली पुण्यात नोकरी करतात. अशी एखादी मुलगी आणि तिचा नवरा स्वतःच्या पगारातून पैसे साठवून सँटोरिनीला जात असतील तर मी त्यांना स्टेशनवर सोडायला येईन. ग्रीस परवडत नसेल तर पाथरी तालुक्यातल्या मुद्गलला जा, गोदेच्या पात्रात तिथेही देऊळ आहे आणि पूर आला की ते बेटच होते, असला फुकटचा उपदेशही मी करणार नाही. माणसाने दूर जावे, समुद्र पाहावा. फक्त मुलीच्या बापाच्या पाठीवर बसून पाहू नये.

नवरदेवांना एक आठवण मात्र द्यावीशी वाटते. शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ उभी केली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, एवढीच तिची मागणी. आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तसे केलेही. धोतर नेसणारी, हनिमून हा शब्द न ऐकलेली माणसे होती ती. आज गळ्यात कॅमेरा अडकविलेल्या त्यांच्या नातवांना सासऱ्याचे तिकीट घ्यायला संकोच वाटत नाही.

येत्या मोसमात याद्या पुन्हा होतील. तुळशीचे लग्न लागले की कार्यालये भरतील. मुलीच्या बापांनो, हनिमूनची ओळ आली की पेन आपल्या हातात घ्या. ती ओळ खोडा आणि तिच्या जागी मुलीच्या वाट्याचा गट क्रमांक लिहा, खाली तिचे नाव, आणि भावाची सही तिथल्या तिथे घ्या. मग समोरची मंडळी चहाचा कप खाली ठेवतात की उचलतात, ते पाहा.