रीस्टार्ट मारण्याआधी

मोबाइलवर आपण वापरतो त्यांतल्या बऱ्याच सेवा आज लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. त्याच लिनक्सवर, पण शेजाऱ्यांपासून आडोसा करून चालवलेला प्रोग्राम. २०१३ साली कंटेनर चालवणारं डॉकर आलं, हे तंत्र सर्रास वापरात आलं आणि त्याबरोबर एक समजूतही रुजली: कंटेनर अडला तर मारून टाका, लगेच पुन्हा उभा राहील. हिंजवडीत काय किंवा बंगळुरूत काय, रात्री ऑन-कॉल असणाऱ्याचा हात आधी रीस्टार्टकडेच जातो. पुष्कळदा तेवढ्यावर भागतंही. पण मारलेला कंटेनर उठेनासा होतो, तेव्हा आपण तो सुरू का होत नाही हे शोधत बसतो. दोष बहुतेकदा तो थांबला कसा, यात असतो.

डॉकरला कंटेनर थांबवायला सांगितलं की ते आतल्या मुख्य प्रक्रियेला आधी ‘सिगटर्म’ हा संकेत पाठवतं: हातातलं काम आवर आणि बंद हो. दहा सेकंदांत ती थांबली नाही तर ‘सिगकिल’ येतो, तो कुठल्याही प्रोग्रामला झिडकारता येत नाही. अनेक कंटेनर एकत्र सांभाळणारं कुबरनेटिस ३० सेकंदांची मुदत देतं. व्यवस्था सभ्य आहे, पण कित्येक कंटेनरांत पहिला निरोप पोचतच नाही. कंटेनरमधली पहिली प्रक्रिया क्रमांक १ ची, आणि १ क्रमांकाला लिनक्सची वागणूक वेगळी: सिगटर्म आल्यावर काय करायचं हे त्या प्रोग्रामने स्वतः ठरवून ठेवलं नसेल तर तो संकेत वाया जातो. त्यात प्रोग्राम शेल स्क्रिप्टमधून चालू केलेला असला की १ क्रमांक शेलकडे जातो आणि शेल निरोप पुढे देत नाही. मुदत संपते, सगळं एका फटक्यात मरतं, आवराआवर राहून जाते.

त्या न केलेल्या आवराआवरीचा हिशोब पुढच्या सुरुवातीला चुकवावा लागतो. अपाची वेब सर्व्हर सुरू होताना आपला प्रक्रिया-क्रमांक एका फायलीत लिहितो आणि नीट बंद होताना ती फाइल काढून टाकतो. अचानक मारला गेला तर फाइल तशीच राहते, डॉक्टर मागच्या दाराने निघून गेले तरी दवाखान्याबाहेर ‘डॉक्टर आत आहेत’ ही पाटी लटकत राहावी तशी. तोच कंटेनर पुन्हा सुरू केला की अपाचीची जुनी आवृत्ती ती फाइल वाचायची. क्रमांक १. ही प्रक्रिया जिवंत आहे का? आहे, कारण आता १ क्रमांक त्याचाच आहे! मग ‘मी आधीच चालू आहे’ असं सांगून तो बंद व्हायचा. हा बिघाड इतका नेहमीचा होता, की अपाचीच्या डॉकरवरच्या अधिकृत इमेजमधली सुरुवातीची स्क्रिप्ट आधी ती जुनी फाइल पुसते आणि मगच सर्व्हर चालू करते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जुना कंटेनर उठवायचाच कशाला, नवा बनवा. अपाचीच्या फायलीपुरतं ते खरं आहे. पण डेटा व्हॉल्यूमवर असतो, कंटेनरबाहेर, आणि अर्धवट राहिलेलं काम तिथेच असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसला मध्येच मारलं तर पुढच्या वेळी तो बदलांची नोंदवही वाचून डेटा पूर्ववत करतो, आणि डेटा मोठा असला तर त्याला वेळ लागतो. तेवढ्यात ‘हा उत्तर देत नाही’ म्हणून देखरेख करणाऱ्या यंत्रणेने त्याला पुन्हा मारलं की दुरुस्ती पुन्हा मुळापासून. कुबरनेटिस तर रीस्टार्टमधलं अंतर १० सेकंदांपासून दुप्पट करत पाच मिनिटांपर्यंत नेतं. नुसत्या रीस्टार्टने काम होत असतं तर ही सबुरी लागली नसती.

२००३ साली स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी मांडलं होतं की प्रोग्राम थांबवण्याचा मार्ग कोसळणं हाच असावा आणि सुरू होणं म्हणजेच सावरणं. ‘बिनधास्त मारा’ म्हणणारे याच विचाराचा आधार घेतात. पण त्यातली अट ते विसरतात: सावरणं आधी रचून ठेवलेलं हवं. पोस्टग्रेसने ते रचलं आहे. आपल्या घाईत लिहिलेल्या सेवांनी रचलं आहे का?

मध्यरात्री सेवा बंद असताना कारणं शोधायला वेळ कुणाला, हा आक्षेप खोटा नाही. आधी सेवा चालू व्हायलाच हवी. पण लॉग आणि एक्झिट कोड बाजूला काढून ठेवायला मिनिटभर पुरतं, आणि कंटेनर काढून टाकला की तेही जातं. तो कोडही नीट वाचावा लागतो. १३७ दिसला की ‘मेमरी संपली’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल. मेमरी संपल्यावर लिनक्सने मारलं तरी १३७, दहा सेकंदांची मुदत उलटल्यावर डॉकरने मारलं तरी १३७. खरं काय घडलं ते ‘डॉकर इन्स्पेक्ट’मधली मेमरीची नोंद सांगते. ती न पाहता मेमरी वाढवत नेणाऱ्या टीमचं क्लाउडचं बिल वाढतं आणि कंटेनर तसाच अडतो.

सेवा ग्राहकांसाठी खुली करण्याआधी ती सुरू होते का, हे सगळेच तपासतात. त्याच तपासणीत आणखी दोन चाचण्या घाला: सिगटर्म दिल्यावर ती मुदतीत आपणहून थांबते का, आणि सिगकिलने मारल्यावर कुणी हात न लावता परत उठते का. दुसरीत नापास झालेली सेवा प्रॉडक्शनवर जाऊ देऊ नका.