चित्र आत, रिमोट बाहेर!

मैत्रिणींनो, नाशिकच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण दिवाणखान्यापर्यंत येऊन बसणं काही महिने तरी जमणार नाही. म्हणून त्यांच्या खोलीत दुसरा टीव्ही ठेवला. पण सेट-टॉप बॉक्स बाहेरच्या खोलीत. बिनतारी उपकरण लावून पाहिलं, तर मधल्या जाड भिंतीमुळे चित्र सारखं अडखळतं. ‘तारेनं काही होईल का हो?’ असं त्यांनी विचारलंय.

होईल की! भिंत कितीही जाड असो, तारेला तिचं काही नाही. नीट टाकली की पुन्हा बघायला नको. मात्र बाजारात जाण्याआधी घरात बसून एक ठरवा : दोन्ही खोल्यांत एकच कार्यक्रम चालणार, की एकाच वेळी दोन वेगळे?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. केबलच्या तारेला दोन फाटे फोडले की दोन्ही टीव्हींवर हवं ते चॅनल लावता यायचं. सगळी चॅनल तारेतून येत आणि निवड टीव्ही करत असे. मुंबईत २०१२ साली आणि पुणे, नाशिक, नागपूरकडे २०१३ साली केबल डिजिटल झाली, तेव्हापासून निवड बॉक्सकडे गेली. साध्या बॉक्समधून एका वेळी एकच चॅनल बाहेर पडतं. तेव्हा बॉक्सपासून तार आत नेली, तर बाहेर जे चालू असेल तेच आत दिसणार. हे पटत असेल तरच पुढे चला.

सगळ्यांत स्वस्त उपाय. बॉक्सच्या पाठीमागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं आहेत का पाहा. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्या-लालमधून आवाज. बऱ्याच बॉक्समध्ये ही भोकं आणि एचडीएमआयचं भोक एकदम चालू असतात. म्हणजे बाहेरचा टीव्ही एचडीएमआयवर तसाच ठेवून आतल्यासाठी ही तीनपदरी तार न्यायची. चित्र थोडं मऊ दिसतं, पण लहान पडद्यावर खटकत नाही.

चित्र अगदी स्वच्छ हवं असेल तर एचडीएमआय स्प्लिटर घ्या. एक तार आत, दोन बाहेर. दुकानात ‘स्विच’ हातात देतील, तो नको हं! त्याचं काम उलटं, दोन यंत्रं एका टीव्हीला जोडायचं. साधी एचडीएमआय तार दहा मीटरपर्यंत सहसा दगा देत नाही. त्याहून लांब जायचं असेल, तर इंटरनेटसाठी वापरतात ती कॅट-६ तार टाकून दोन्ही टोकांना एकेक छोटी डबी बसवायची. याला एक्स्टेंडर म्हणतात. याचा आणखी एक फायदा : एचडीएमआयचं टोक रुंद, त्यासाठी भिंतीला मोठं भोक लागतं, कॅट-६ तार बारीक असते आणि तिचं टोक तार ओवून झाल्यावर बसवता येतं.

दोघांना वेगवेगळं बघायचं असेल तर दुसरा बॉक्स घेण्याला पर्याय नाही. घरावर डिशची छत्री असेल, तर तिच्यापासून दुसरी तार आणावी लागते आणि छत्रीच्या तोंडाशी दोन जोडण्यांची सोय असावी लागते. तिथे साधा फाटा फोडून भागत नाही. दुसऱ्या जोडणीचे पैसे महिन्याच्या महिन्याला किती, ते आधी विचारा. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही. आजींना त्यावरचे कार्यक्रम पुरत असतील तर तोही विचार करावा.

आता खरी गोम. चित्र आत गेलं, पण रिमोट? रिमोटमधून निघणारा प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही. आतल्या टीव्हीचा आवाज त्याच्या स्वतःच्या रिमोटनं कमी-जास्त होईल; चॅनल मात्र बाहेर कुणीतरी उठून बदलायचं. अंथरुणावर पडलेल्या माणसाला सबंध दिवस ‘अगं, जरा लाव ना’ म्हणावं लागतं, आणि दोन दिवसांनी ते म्हणणंही बंद होतं. समोर जे येईल ते बघत राहतात, नाहीतर भिंतीकडे तोंड करून निजतात. आपल्याला वाटतं, चला, करमतंय त्यांना!

म्हणून तारेबरोबर रिमोटचीही तार न्या. आयआर एक्स्टेंडर मागा. एक छोटा डोळा आतल्या टीव्हीजवळ ठेवायचा, दुसऱ्या टोकाचा मणी बाहेरच्या बॉक्सच्या तोंडावर चिकटवायचा. कॅट-६ च्या पुष्कळ एक्स्टेंडरमध्ये ही सोय असतेच, विचारून घ्या. बॉक्सचा आणखी एक रिमोट घेऊन त्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे दोन रिमोटांची गल्लत होणार नाही.

तार टाकताना एवढं सांभाळा :

• लांबी नजरेनं ठरवू नका. तार जिथून जाणार, तिथून भिंतीच्या कडेकडेनं सुतळी लावा, मग सुतळी मोजा. दोन्ही टोकांना मीटरभर जास्त धरा.

• आधी आतला टीव्ही उचलून बाहेर आणा आणि आखूड तारेनं बॉक्सला जोडून पाहा. चित्र दिसलं तरच लांब तार घ्या.

• विजेच्या तारेच्या नळीतून ही तार कधीही ओवू नका. दोन तारांमध्ये वीतभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

• कोपऱ्यात तार मुडपू नका, बशीच्या कडेसारखी गोल वळवा. खिळा ठोकून आवळण्यापेक्षा केसिंग पट्टीत बसवा.

• उंबरठ्यावरून तार मुळीच नको. वॉकर घेऊन चालणाऱ्याचा पाय तिथेच अडकतो. चौकटीच्या वरून न्या, चार हात तार जास्त लागली तरी चालेल.

• भोक पाडण्याआधी भिंतीत विजेची तार किंवा पाण्याचा नळ नाही ना, ते वायरमनकडून पाहून घ्या. जोडणी करताना सगळे प्लग काढलेले असावेत.

राहता राहिलं भांडण! एक बॉक्स, दोन रिमोट म्हटल्यावर आत कीर्तन लागलं की बाहेरची क्रिकेटची मॅच जाणार. तेव्हा वेळा वाटून घ्या. दुपारी जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत आजींचा रिमोट, मग बाहेरच्यांचा. वेळापत्रक कागदावर लिहून बॉक्सजवळ चिकटवा. आणि आजींची वेळ कोणती, ते आपण ठरवू नका हं, त्यांनाच विचारा.