'आमचं गाव' म्हणजे नेमकं कुणाचं?



मध्यंतरी एका ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी सभा तीच निघेल. भिंतीवर ढब्बू अक्षरात रंगवलेलं : 'आमचं गाव, आमचा विकास'. पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आपली माणसं दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. आराखडा वाचला गेला. वाचला म्हणजे पानं उलटली. रस्ता, कमान, पेव्हर ब्लॉक, परत कमान. आपल्या वस्तीतली एक मावशी उठली. म्हणाली, "गटार उघडं हाय. पोरं पडत्यात. त्याचं काय लिवलंय?" उत्तर आलं, "मावशी, पुढच्या वर्षी घेऊ." मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हंजे कोणच्या?" सगळे हसले. इतिवृत्तात लिहिलं गेलं : आराखडा सर्वानुमते मंजूर. ते हसणं इतिवृत्तात आलं नाही. मावशीही आली नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. सत्ता खाली आली, नियोजन खाली आलं म्हणतात. मग ते नेमकं कुणाच्या ओट्यापर्यंत येऊन थांबलं?

आपले काही शिकलेले मित्र 'विकेंद्रीकरण' हा शब्द ऐकला की माना डोलावतात. 1993 साली 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती अमलात आली, राखीव जागा आल्या, आता काय पाहिजे? अरे, जरा बाबासाहेब वाचा. नुसता फोटो लावू नका. 6 ऑक्टोबर 1932 ला मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या बिलावर ते उभे राहिले ते टाळ्या वाजवायला नव्हे. अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर गावाच्या हाती अधिकार देणं म्हणजे त्यांना गावाच्या तोंडी देणं, असा त्यांचा रोख होता. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गोडव्यावर जो घाव घातला, तो अजून कित्येकांना झोंबतो. ज्या गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, त्या गावाला स्वर्ग म्हणायला ते तयार नव्हते.

पण म्हणून मुंबईतल्या मंत्रालयात बसलेला साहेब आपला मायबाप ठरतो का? तोही नाही. साहेब लांबचा, पाटील जवळचा. मार दोघांचाही लागतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातला, धडा बघा. बोल्यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात पास झाला. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. सुरबानाना टिपणिसांसारखा माणूस त्या नगरपालिकेत होता. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था होती, चांगला माणूस होता, कायदेशीर ठराव होता. पाणी मिळालं का? तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा ओंजळ भरली. आणि त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 ला आपलाच ठराव रद्द केला! स्थानिक सत्ता म्हणजे काय, हे शिकायला परदेशी तज्ज्ञ कशाला बोलवायचा? ठराव त्यांचा असतो तोवर तो रद्दही त्यांनाच करता येतो.

आता नेरळला येऊ. सकाळच्या लोकलला नेरळ स्टेशनवर उभे राहा. मुंबईला घरकामाला जाणाऱ्या बाया, नाक्यावर रोज विकायला उभे राहणारे बिगारी, वॉचमन, भाजीच्या पाट्या. मुंबईत भाडं परवडेना म्हणून इकडे फेकले गेलेले. आणि डोंगराकडच्या वाड्यांतले ठाकर-कातकरी, ज्यांच्या बाजूच्या जमिनीवर बंगले आणि फार्महाऊस उठले. ही गरिबी शहराची. पण नेरळचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा. जनगणनावाले मात्र नेरळला नगर म्हणतात. त्यांचा हिशेब असा : वस्ती 5000च्या वर, दाटी चौरस किलोमीटरला 400, आणि कामकरी पुरुषांतले 75 टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. म्हणजे मोजायला नगर, द्यायला गाव.

आणि वर डोंगरावर माथेरान बघा. 2011 च्या जनगणनेत तिथे साडेचार हजारही माणसं भरली नाहीत. पण गोऱ्या साहेबांची थंड हवा ना! तिथे 1905 पासून नगरपालिका.

तुम्ही म्हणाल, पाटी बदलून पोट भरतं का? भरत नाही, पण पैसा पाटी बघून येतो. शहरी गरिबीच्या योजना, 1997 ची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना काय नि 2013 चं शहरी उपजीविका अभियान काय, मुळात नगरपालिका असलेल्या शहरांसाठी आखलेल्या. घरकुलाचं घ्या. 2015 च्या शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. 2016 च्या ग्रामीण योजनेत सपाटीवरच्या घराला 1 लाख 20 हजार. पुढे रकमेत भर पडली, पण कागद दोन वेगळेच राहिले. विटेला माहीत असतं का, आपण ग्रामीण आहोत की शहरी? सिमेंटवाला ग्रामपंचायतीची पावती बघून भाव कमी करतो का? आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर गावठाणात जागाच नाही. तो दोन्ही यादीबाहेर.

मग लगेच कुणीतरी म्हणतं, करा नेरळची नगरपंचायत, प्रश्न मिटला. थांबा. इथेच खरी गोम आहे. ग्रामपंचायत आहे तोवर ग्रामसभा आहे. वर्षातून निदान चार वेळा ती घ्यावीच लागते. मावशीला तिथे उभं राहून विचारता येतं, हसले तरी विचारता येतं. नगरपंचायत झाली की ग्रामसभा गेली. घटनेने प्रभाग समिती सक्तीची केली ती 3 लाखांवरच्या शहरात. छोट्या शहरातल्या गरिबाला विचारायची जागा कुठे? नगरसेवकाच्या बंगल्याचं फाटक. म्हणजे आपल्यापुढे ठेवलंय काय? तोंड ठेवायचं असेल तर पैसा सोडा, पैसा पाहिजे तर तोंड मिटा. हा सौदा आपण का करायचा? आपल्याला दोन्ही पाहिजे : शहराचा निधी आणि वस्तीची सभा. पाटी बदलायची तर वस्तीसभा कायद्यात बांधून घेऊन बदला.

जिल्ह्याच्या पातळीवर तर तमाशाच. घटनेच्या 243 झेडडी कलमाप्रमाणे जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश माणसं जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांतून निवडलेली पाहिजेत. पण अध्यक्ष कोण? महाराष्ट्रात पालकमंत्री. पालक! म्हणजे जनता अजून अज्ञान बालक. आणि 2022 पासून राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषदा-नगरपालिका प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. निवडणुका घ्या, हे 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आपल्या रायगडात जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्री जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी नेमणूक स्थगित. मग कित्येक महिने भांडण. भांडण गटाराचं नव्हतं, खुर्चीचं होतं. तेव्हा निवडलेले सदस्य घरी होते, पालकाचा पत्ता नव्हता, आणि नियोजन म्हणे विकेंद्रित!

त्यात आपल्या नावचा पैसा. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळी तरतूद ठेवायचं धोरण 1979-80 पासूनचं. 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी दुसऱ्या योजनेकडे वळवले, तेव्हा त्या खात्याचा मंत्रीच ओरडला. मंत्र्याच्या खिशातून जातो तिथे सरपंचाच्या कपाटातून जायला किती वेळ? लाडक्या बहिणींना द्या, जरूर द्या, त्यांत आपल्याही आया-बहिणी आहेत. पण वस्तीच्या ताटातला घास उचलून देऊ नका. आंध्र आणि कर्नाटकाने 2013 साली ह्या पैशासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, त्यांना आपल्याकडे असा कायदा का सुचला नाही?

जवळ सत्ता असली म्हणजे गरिबाचं नियोजन होतं, हा भ्रमसुद्धा माथेरानलाच फुटतो. शंभर वर्षांवर नगरपालिका, आणि 2025 पर्यंत माणूस माणसाला गाडीत बसवून ओढत होता. 94 परवानाधारक हातरिक्षावाले. त्यांच्या सुटकेचा आराखडा त्या शंभर वर्षांत कुठल्या सभेत झाला? 6 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं : ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन उभं करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही. दिल्लीहून यावं लागलं हे.

दुसरीकडे काय झालं तेही बघा. केरळने 1996 साली लोकयोजना मोहीम काढली आणि योजनेचा 35 ते 40 टक्के पैसा खाली दिला. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून वस्तीतले लोक नगरपालिकेच्या बजेटवर बसले. स्वर्ग कुठेच आला नाही, पुढे तिथलीही धार बोथट झाली. पण दोन्हीकडे एक गोष्ट घडली : आधी पैसा किती ते उघड सांगितलं, मग लोकांना विचारलं. आपल्याकडे उलटं. आधी सही घेतात, आकडा कधीच सांगत नाहीत.

म्हणून पोरांनो, 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा डीजे ठरवायला जेवढ्या मिटिंगा घेता, त्यातल्या दोन ह्या कामाला द्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. माहितीच्या अधिकारात मागच्या पाच वर्षांचा हिशेब मागा. वस्तीत घरोघर जाऊन आपणच यादी करा : नळ किती, संडास किती, भाड्याने किती, कुणाचं नाव कुठल्या यादीत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती 100 माणसांची किंवा 15 टक्के मतदारांची, जे कमी असेल ते. 100 माणसं आपल्या वस्तीतूनच नेता येतात. कातकरवाडीला बरोबर घ्या, नाहीतर आपणच उद्याचे पाटील. आणि सभेत दाराशी बसू नका. चपला दाराशी ठेवा, आपण पुढे बसा. इतिवृत्त तिथेच मोठ्याने वाचायला लावा. मावशीचं वाक्य त्यात नसेल तर सही करू नका.

नियोजन म्हणजे मोठा शब्द वाटतो. पण महाडला बाबासाहेबांनी केलं ते नियोजनच होतं. पाणी कुणाचं, ठराव कुठला, वाट कुठली, माणसं किती, सगळं ठरवून ते तळ्यावर गेले. आपल्या वस्तीतलं गटार अजून उघडं आहे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा.

मी दारात भेटणार नाही. पुढच्या रांगेत भेटू.