परमुलखातला संसार : पैसे कधी लागणार?

बारामतीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची धाकटी जाऊ तीन वर्षांपूर्वी कॅनडात ब्रॅम्प्टनला गेली. नवराबायको दोघंही नोकरी करतात आणि भाडं, किराणा, बसचा पास असं सगळं जाऊन महिन्याकाठी पाचशे डॉलर हातात उरतात. ‘तिच्या कचेरीतल्या बायका तिला ईटीएफ घे म्हणतात. एकीनं एक नाव सांगितलं, दुसरीनं दुसरं. तुम्ही तिकडेच राहता, तर तुम्हीच सांगा, त्यातला चांगला कोणता?’ असं त्या विचारतात.

नाव सांगायला मला काय, आत्ता सांगते. पण आधी माझी स्वतःची फजिती सांगायला हवी.

२०२२ सालचा जानेवारी. आम्ही मिसिसागाला भाड्याच्या घरात होतो. मी अर्धवेळ शिकवते. त्या पैशांना ह्यांनी कधी हात लावला नाही आणि मीही ते कधी मोडले नाहीत. साठवत साठवत घरासाठी म्हणून ४०,००० डॉलर झाले होते. आदल्या वर्षी शेअरबाजार नुसता वर वर चाललेला. बँकेत पैसे ठेवले तर व्याज नावालाच. मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन, पण इथं आल्यावर हौसेनं पैशांविषयी पुष्कळ वाचलं होतं. आपल्याला कळतं असं वाटायला लागलं होतं! मी ते सगळेच्या सगळे पैसे एका ईटीएफमध्ये घातले. त्यात नुसते शेअर्स होते, जगभरचे.

सप्टेंबरअखेर मनासारखं घर सापडलं. विसार द्यायचा म्हणून पैसे काढले, तर हातात ३४,००० आले. हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. कमी पडलेले सहा हजार ह्यांनी एका मित्राकडून उसने आणले आणि ते फिटेपर्यंत दोन वर्षं आमचं सांगलीला येणं झालं नाही. बाबांची पंचाहत्तरी मी फोनवर पाहिली.

आता गंमत बघा. त्या फंडात खोट काहीच नव्हती. पुढं तो वर आला, मी घेतला होता त्याच्याही पुष्कळ वर गेला. वस्तू चांगलीच होती, मी ती भलत्या कामाला घेतली. आठ महिन्यांनी लागणारे पैसे शेअर्समध्ये घालायचेच नसतात. म्हणून जाऊबाईंना माझा पहिला प्रश्न फंडाचा नाहीच. पैसे कशासाठी आहेत आणि कधी लागणार, ते आधी सांगा.

ईटीएफ म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगते, म्हणजे ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांनाही पुढचं कळेल. पुष्कळ कंपन्यांचे शेअर्स किंवा रोखे एकत्र बांधलेलं हे एक गाठोडं. त्या गाठोड्याचा लहानसा वाटा शेअरसारखाच बाजारात विकत घेता येतो आणि विकताही येतो. म्युच्युअल फंडाचंच हे भावंड म्हणा, पण बहुतेक ईटीएफमध्ये कोणी हुशार माणूस बसून निवड करत नाही. ठरलेल्या यादीतले शेअर्स ठरलेल्या प्रमाणात घ्यायचे, एवढंच. त्यामुळं खर्च कमी. आणि बरं का, जगातला पहिला ईटीएफ म्हणून ज्याचं नाव घेतात तो अमेरिकेतला नव्हे, टोरोंटोच्या शेअरबाजारातला, १९९० सालचा.

खर्चाचं मात्र नीट बघायचं. इथल्या बँकेत गेलं की आपल्याला हसतमुखानं जो म्युच्युअल फंड देतात, त्याचा खर्च पुष्कळदा वर्षाला शंभर डॉलरमागं दोन डॉलरच्या आसपास असतो. साध्या ईटीएफचा वीस-पंचवीस सेंट, काहींचा तर पाच-सहा सेंट. दोन डॉलर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. मग एकदा मुलाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला. १०,००० डॉलर पंचवीस वर्षं ठेवले आणि खर्चाआधी वर्षाला सहा टक्के वाढले असं धरलं, तर दोन टक्के खर्चाच्या फंडात त्यांचे सुमारे २६,७०० होतात आणि वीस सेंटवाल्यात सुमारे ४०,९००. मधले चौदा हजार कुठं गेले? कोणी चोरले नाहीत, दरवर्षी थोडे थोडे दिले. हा आकडा ‘एमईआर’ या नावानं फंडाच्या कागदावर छापलेला असतो. भाजी घेताना आपण दहा जणींना भाव विचारतो, मग इथंच संकोच कसला?

आता गाठोड्यात काय काय असावं ते बघू. थालिपिठाची भाजणी आपण कशी करतो? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे; प्रत्येकीचं प्रमाण ठरलेलं. तुम्ही हे सगळं वेगवेगळं आणून, भाजून, दळून घेऊ शकता किंवा तयार भाजणीची पिशवी आणू शकता. ईटीएफचं तसंच आहे. कॅनडातल्या शेअर्सचा एक, अमेरिकेचा एक, बाकी जगाचा एक, रोख्यांचा एक असे चार घ्यायचे आणि वर्षातून एकदा प्रमाण बिघडलंय का बघून सारखं करायचं; ही झाली घरची भाजणी. थोडी स्वस्त पडते. पण प्रमाण सारखं करायचं म्हणजे जो वाढलाय तो विकून पडलेला घ्यायचा. कागदावर सोपं; प्रत्यक्षात पडलेला फंड घ्यायला हात उचलत नाही. संसार, नोकरी, मुलांची सर्दी यांत ते राहूनही जातं.

तयार भाजणी इथं २०१८ पासून नीट मिळायला लागली. व्हॅनगार्डचा व्हीजीआरओ, आयशेअर्सचा एक्सजीआरओ, बीएमओचा झेडजीआरओ, हे सगळे शंभरातले ऐंशी भाग शेअर्स आणि वीस भाग रोखे अशा प्रमाणाचे. व्हीबीएएल, एक्सबीएएल यांत साठ आणि चाळीस. व्हीईक्यूटी, एक्सईक्यूटी म्हणजे सगळे शेअर्सच. प्रमाण त्यांचं तेच सांभाळतात. माझं मत विचाराल तर नवख्या बाईनं तयार भाजणीच घ्यावी. आणि या कंपनीचा की त्या कंपनीचा यावर रात्री जागवू नयेत. कचेरीतल्या त्या दोघी बहुधा एकाच वस्तूची दोन नावं सांगत असतील.

पण ऐंशी-वीस की साठ-चाळीस, यावर मात्र खरंच विचार करा. तीन-चार वर्षांच्या आत लागणारे पैसे यातल्या कशातच नकोत. ते जीआयसीत, म्हणजे इथल्या मुदत ठेवीत. सरकारी विमामंडळाच्या सदस्य बँकेत अशा ठेवींना १,००,००० डॉलरपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. ईटीएफच्या भावाला कसलंच नाही. पाच ते दहा वर्षं असतील तर साठ-चाळीस बघा. त्याहून लांब असतील आणि निम्मी किंमत झालेली बघूनही तुम्हाला झोप लागत असेल, तर शेअर्स जास्त. रोखे आहेत म्हणजे पडणारच नाही असं समजू नका हं. २०२२ साली व्याजाचे दर भराभर वाढले तेव्हा रोखे आणि शेअर्स दोन्ही एकदमच पडले होते.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. राहतो कॅनडात, तर कॅनडाचाच फंड का नको? नको असं नाही, पण नुसता तो नको. इथल्या बाजारात जवळजवळ तिसरा हिस्सा बँका आणि विमा कंपन्यांचा. शिवाय तेल, वायू आणि खाणी. जगाच्या शेअरबाजारात कॅनडाचा वाटा शंभरात तीनच्या आसपास. तुमची नोकरी इथली, घर इथलं. बचतही इथलीच ठेवली तर सगळी अंडी एकाच टोपलीत की! तयार फंडांत कॅनडाचा भाग शेअर्सपैकी साधारण पाव ते तीस टक्के ठेवलेला असतो, तो पुरे.

नॉर्टेलची गोष्ट इथली जुनी माणसं अजून सांगतात. २००० साली ही टेलिफोन यंत्रांची एकटी कंपनी टोरोंटोच्या निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठी झाली होती. शेअर १२४ डॉलरवर गेला होता; दोन वर्षांत तो एका डॉलरच्या खाली आला आणि २००९ साली कंपनीनं दिवाळं काढलं. निर्देशांकाचा फंड घेतलेल्यांना वाटत होतं आपले पैसे शेकडो कंपन्यांत वाटलेले आहेत. प्रत्यक्षात तीन आण्यांतला एक आणा एकीवरच होता. म्हणून कॅनडाचा वेगळा फंड घ्यायचाच असेल, तर एका कंपनीला शंभरात दहाहून जास्त वाटा न देणारा निर्देशांक बघून घ्यावा. एक्सआयसी तशातला आहे.

हल्ली एक नवीन मोह आलाय. ‘दरमहा पैसे हातात, वर्षाला दहा-बारा टक्के’ अशी जाहिरात असलेले ईटीएफ. आपल्याकडं दरमहा व्याजाचं आकर्षण किती, ते पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेच्या रांगेत दिसतंच. या फंडांतले पुष्कळसे आपल्या शेअर्सची पुढची वाढ आधीच दुसऱ्याला विकून त्याचे पैसे तुम्हाला वाटतात. म्हणजे बाजार चढला की तुमची वाढ अडते, पडला की तुम्ही बरोबर पडता. आणि हातात येणाऱ्या रकमेतला काही भाग कधी कधी तुमचाच मुद्दलाचा असतो. पासष्टीच्या बाईनं समजून-उमजून थोडे घेतले तर गोष्ट वेगळी. तिशीतल्या कमावत्या बाईला हे कशाला हवेत, मला तरी कळत नाही.

फंड कोणत्या खात्यात ठेवायचा, हेही तेवढंच मोलाचं. टीएफएसए नावाच्या खात्यातल्या वाढीवर इथं कर नाही. २०२४ आणि २०२५ साली त्यात वर्षाला ७,००० डॉलर घालता येत होते. न वापरलेली मर्यादा पुढं साठत जाते. इथं आपल्या लोकांची एक चूक हमखास होते. २००९ पासूनची सगळी बेरीज करून २०२५ पर्यंत १,०२,००० होते, असं कुठंतरी वाचतात आणि ती आपलीच समजतात. तसं नाही. तुम्ही कॅनडाच्या रहिवासी झालात त्या वर्षापासूनच मोजायचं. जास्त भरलं तर जास्तीच्या रकमेवर दरमहा एक टक्का दंड. आणि काढलेले पैसे त्याच वर्षी परत भरायला तेवढी जागा शिल्लक लागते. काढलेल्या रकमेची जागा पुढच्या जानेवारीत परत मिळते. पहिलं घर घ्यायचं असेल तर २०२३ पासून एफएचएसए हे खातं आहे. वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,०००, भरताना करात वजावट आणि घरासाठी काढताना कर नाही. मी चुकले तेव्हा ते नव्हतं. अर्थात असतं तरी त्यात मी तोच फंड घेतला असता, म्हणजे उपयोग शून्य!

भारतात ठेवी असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. कॅनडाचा रहिवासी झाल्यावर जगभरचं उत्पन्न तिथल्या विवरणात दाखवावं लागतं, गावाकडच्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा. परदेशातल्या ठेवी, म्युच्युअल फंड, भाड्यानं दिलेला फ्लॅट यांची मूळ किंमत मिळून १,००,००० डॉलरहून जास्त झाली तर टी ११३५ हा फॉर्म वेगळा भरायचा. कॅनडातलाच ईटीएफ घेतला, मग त्याच्या पोटात अमेरिकेचे शेअर्स का असेनात, तो या हिशोबात येत नाही. अमेरिकेच्या बाजारातला ईटीएफ मात्र येतो, शिवाय डॉलर बदलून घेताना दलाल वेगळे पैसे कापतो. नवखीनं त्या वाटेला जाऊ नये.

तर बारामतीच्या ताई, जाऊबाईंना असं कळवा. आधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात होऊ द्या. क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती पहिली फेडा, त्या व्याजापुढं कुठलाच फंड टिकत नाही. मग दोघांनी बसून घर कधी घ्यायचं ते बोला. दोन-तीन वर्षांत म्हणत असतील तर पाचशेच्या पाचशे एफएचएसएत आणि तिथं जीआयसी. घराचा विचार लांबचा असेल तर टीएफएसए उघडून व्हीजीआरओ किंवा एक्सजीआरओ, दरमहा ठरल्या तारखेला. विकत घेताना भाव आपण घालून द्यावा, बाजार उघडता उघडता घाई करू नये. आणि खातं त्यांच्या स्वतःच्या नावानं असावं. नवऱ्याला त्यात ‘सक्सेसर होल्डर’ म्हणून लावावं, म्हणजे काही बरंवाईट झालं तर खातं तसंच त्याच्याकडं जातं. त्यानंही आपल्या खात्यात हिला तसंच लावावं. हे फॉर्म भरताना आमच्याकडं थोडं अवघडल्यासारखं झालं होतं, पण पाच मिनिटांत झालं.

मुलांच्या शिक्षणासाठीच्या आरईएसपी खात्याविषयी दोघी-तिघींनी विचारलंय. ते पुढच्या अंकात.