आरोग्य-चर्चा : ग्रहणाचा दोष नव्हे

सयाजीगंजच्या एका वाचक भगिनी लिहितात : पहिले मूल कण्यावर उघडी गाठ व मोठे डोके घेऊन जन्मले. सासूबाई म्हणतात, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. पुन्हा तसेच होईल काय ?

ग्रहणाचा येथे काडीमात्र संबंध नाही. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. ती खालच्या बाजूस उघडी राहिली की मेंदूभोवतीचे पाणी झिरपते, कवटीचा मागचा कप्पा लहान राहतो आणि लहान मेंदू व मेंदूचा देठ मानेत उतरतात. मग पाण्याची वाट अडते व डोके वाढते. प्रागच्या डॉ. हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले.

धोका इतर मातांहून अधिक, हे खरे. पण तो पुष्कळसा टाळता येतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे दिसले. (या द्रव्याचा पहिला माग ल्यूसी विल्स यांना आपल्या मुंबईतच लागला, रक्तक्षयी गर्भवतींवर उपचार करताना, त्यांचा लेख १९३१ चा.)

आपल्या घरांतून तिसरा महिना सरेपर्यंत बातमी झाकून ठेवतात व औषधही तोवर लांबते. तेव्हा फार उशीर झालेला असतो. गोळी दिवस राहण्यापूर्वीच निदान महिनाभर, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी. नुसत्या मेथी-पालकावर विसंबू नये. ज्यांच्या घरी असे मूल झालेले नाही, त्या सुनांना-लेकींना ०.४ मिलिग्रॅम पुरते. सासूबाईंनाही हे वाचून दाखवावे.